सिनेमाच्या वादकांनी सिनेमाबाहेर केलेले अल्बम: तुमचा कोणता?

तबकडी_नाना

मंडळी, हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर आपण इतकं लिहितो, कुठल्या गाण्यात कोणी काय वाजवलं यावर रात्र रात्र भांडतो, पण याच लोकांनी सिनेमाच्या बाहेर, ना हिरो ना हिरॉईन ना सिच्युएशन, अशा मोकळ्या मैदानात जे अल्बम केले त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. माझं मत विचाराल तर हे अल्बम वाईट होते म्हणून मागे पडले नाहीत, ते कुठल्या खान्यात ठेवायचे हेच दुकानदाराला कळलं नाही. शास्त्रीयवाले म्हणाले हे आमचं नाही, फिल्मीवाले म्हणाले यात गाणं कुठंय. मग गेले कोपऱ्यात.

सुरुवात माझ्यापासून. अल्बम: राग जॅझ स्टाईल, साल १९६८, एचएमव्ही, आणि संगीतकार कोण तर शंकर-जयकिशन! हो हो तेच. अकरा राग, एकही शब्द नाही. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी भैरवी. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, पियानो लुसिला पाशेको, ड्रम्स लेस्ली गोदिन्हो, बेस एडी त्रावास. ही सगळी माणसं तुम्ही आयुष्यभर ऐकलेली आहेत, फक्त पुढे लता नाहीतर रफी गात असल्यामुळे तुमचं लक्ष नव्हतं.

यात काय ऐकायचं? शिवरंजनी लावा. एसजेनी हा राग सिनेमात किती वापरला ते सांगायला नको, १९६६ च्या सूरजमधलं बहारों फूल बरसाओ घ्या नाहीतर १९७० च्या जोकरमधलं जाने कहाँ गए वो दिन, पण सिनेमात तो राग कायम शब्दांच्या मागे उभा असतो, इथे तो एकटा आहे. सतार राग मांडते, तिच्या पाठोपाठ सॅक्स तोच राग उचलतो पण मनोहारीदांची फुंक अशी की सूर थोडा खालून घासत वर येतो, आणि खाली ड्रम्स आणि तबला दोन्ही चालू आहेत आणि कोणी कोणाच्या पायात येत नाही. ते कसं जमवलंय ते हेडफोन लावून ऐका, एकदा फक्त बेस ऐका, एकदा फक्त ड्रम्स.

एकच विनंती, नुसती नावांची यादी टाकू नका. एक अल्बम घ्या, त्यातला एखादा ट्रॅक सांगा आणि त्यात नेमकं काय ऐकायचं ते लिहा. होऊ दे चर्चा.

निवांत_मी

वाचनखूण साठवली. नाना तुम्ही लिहिलंत की माझा वीकेंड गेलाच म्हणायचा.

मांडवीकर

नाना, देव बरें करूं (आभार हो). ही नावं कोणीतरी एका ओळीत लिहिली हे बघूनच बरं वाटलं. परेरा, पाशेको, गोदिन्हो, त्रावास… आमच्याकडे गोव्यात प्रत्येक वाड्यावर असं एक तरी घर असतं जिथला कोणीतरी मुंबईला "फिल्म लाईन"मधे वाजवायला गेलेला.

याचं कारण पण सांगतो. पोर्तुगीज काळात गावच्या चर्चला जोडून शाळा असायची, तिथे मेस्त (संगीत शिकवणारा मास्तर) पोरांना लहानपणापासून स्टाफ नोटेशन (पाश्चात्य स्वरलिपी) वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचा. त्यामुळे ही माणसं मुंबईला आली ती कागद वाचता येतो हे भांडवल घेऊनच. संगीतकार पेटीवर चाल सांगणार आणि साठ जणांच्या ऑर्केस्ट्राला ती लिहून कोण देणार? तर सेबॅस्टियन डिसोझा. एसजेंचे अरेंजर, कितीतरी वर्षं. मजुरीला आलेल्या ग्रामीण वाद्यवृंदासारखं वागवलं गेलं यांना, शिफ्टवर पैसे, कव्हरवर नाव नाही, अन गाणं गाजलं तरी यांच्या घरी त्याची खबर नाही. म्हणून राग जॅझ स्टाईलसारख्या रेकॉर्डचं मोल मला जास्त वाटतं, इथे हे लोक मागे नाहीत, पुढे आहेत.

माझा अल्बम म्हणाल तर मी थोडा नियम वाकवतो कारण त्या काळी आमच्या कोंकणीत अख्खी एलपी क्वचितच निघायची, ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या ४५ आरपीएमच्या तबकड्या निघायच्या. ख्रिस पेरी आणि लॉर्ना. ख्रिस पेरी मडगावचे, ट्रम्पेट आणि सॅक्स दोन्ही वाजवायचे, लॉर्ना मुंबईतल्या बांद्र्याची. बेबदो ऐका, पिसो ऐका, लिस्बोआ ऐका. शब्द कळले नाहीत तरी चालतील, ब्रास सेक्शन ऐका! ती बँड लावणी (म्हणजे अरेंजमेंट हो) कुठल्याही मोठ्या शहरातल्या नाईटक्लबला शोभेल अशी आहे, आणि त्यावर लॉर्नाचा तो जाडसर, छातीतून येणारा आवाज, ओळ संपता संपता ती जी ताल सोडून मागे रेंगाळते आणि मग बरोब्बर समेला येऊन बसते, ते शिकवून येत नाही. नंतर ती वीसेक वर्षं गायचीच थांबली. नाचूंया कुंपासार हा सिनेमा आला आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा गोव्याबाहेरच्या लोकांना ही गाणी कळली, पण अजून मराठी माणसाच्या कानावर ती फारशी नाहीत. पणजीला येता, मासे खाता, ही गाणी पण ऐका की.

षड्ज_पंचम

धागा चांगला आहे पण मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये. राग जॅझ स्टाईल मी ऐकलाय. वादक उत्तम, वादच नाही. पण तीन-चार मिनिटांत मियाँ मल्हार? रागाला पसरायला जागाच नाही. आरोह अवरोह दाखवला, पकड दाखवली, एक सॅक्सचा तुकडा आणि संपलं. याला रागाचं नाव द्यायचं का धून म्हणायचं? विसरला गेला त्यात मला फार अन्याय वाटत नाही. ज्यांनी तीस तीस वर्षं एकेक राग घोटला त्यांच्या ध्वनिमुद्रिका पण बाजारातून गेल्यात, त्यांच्यासाठी मला जास्त वाईट वाटतं.

आभा_मिरज

षड्ज_पंचम दादा, तुमचा मुद्दा कळतो पण मिनिटांवरून राग तोलू नका ना. आमच्या मिरजेत ज्यांच्या नावाने दर्ग्यात दरवर्षी गाणं होतं त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्याच आहेत. हिराबाई बडोदेकरांच्या पण तेवढ्याच. तेवढ्या वेळात त्यांनी राग उभा केलाच की. त्या पिढीला कमी जागेत राग मांडायची सवय तबकडीनेच लावली. तेव्हा "वेळ कमी म्हणून राग नाही" हे मला पटत नाही, "मांडणी वरवरची आहे" असं म्हणा, मग वाद घालू.

षड्ज_पंचम

मान्य, मांडणीवरच बोलतो. खाँसाहेबांच्या तबकडीत पहिल्या सुरापासून राग भेटतो. इथे मला दर वेळी आधी ठेका भेटतो आणि मग राग. मी कलावती परत ऐकून बघतो, तो मला त्यातल्या त्यात आवडला होता.

सर्किट_पाटील

ठेका आधी भेटतो म्हणताय तर मग माझा अल्बम ऐकून तुम्ही मला गावाबाहेरच काढाल दादा 😀 तरी लिहितोच.

चरणजित सिंग – टेन रागाज टू अ डिस्को बीट. १९८२. चरणजित सिंग म्हणजे मुंबईच्या स्टुडिओतले सेशन म्युझिशियन, बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड (विजेवरचं अ‍ॅकॉर्डियन), कीबोर्ड काय म्हणाल ते. त्यांनी रोलँडच्या तीन मशीन घेतल्या, ज्युपिटर-८ सिंथ, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि टीबी-३०३ बेस मशीन, आणि एकट्याने दहा राग वाजवले. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. देशात डिस्कोची लाट होती, त्यांना वाटलं तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून बघू. एवढंच.

आता ३०३ बद्दल जरा सविस्तर कारण मी स्वतः घरी असल्या मशीनशी खेळतो. ही चांदीच्या रंगाची छोटी डबी, एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून बनवलेली. बेस गिटारसारखी ती काही वाजत नाही, प्रोग्राम करायला महाकटकट, त्यामुळे ती बाजारात पडली आणि १९८४ मधे कंपनीने बनवणं बंदच केलं. पण तिच्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे स्लाईड, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायची सोय. दुसरी म्हणजे फिल्टरची खुंटी, ती फिरवली की आवाज बंद नाकातून निघाल्यासारखा दबतो आणि मग चरचरत उघडतो. शिकागोच्या पोरांनी सेकंडहँड ३०३ घेऊन त्या खुंट्या वेड्यासारख्या फिरवल्या आणि १९८७ मधे फ्यूचर या ग्रुपचा अ‍ॅसिड ट्रॅक्स निघाला, तिथून अ‍ॅसिड हाऊस हा अख्खा प्रकार सुरू झाला असं धरतात. आणि आपले सरदारजी पाच वर्षं आधी मुंबईत तेच मशीन वाजवत होते, आणि स्लाईड कशासाठी वापरली तर मींडेसाठी! त्यांना शिकागो माहीत असायचं कारणच नव्हतं, त्यांना राग माहीत होता, आणि राग वाजवायचा तर सुरावरून सूर घसरला पाहिजे एवढं साधं गणित होतं.

तेव्हा खप काही झाला नाही. २००२ मधे एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ही एलपी दिल्लीत सापडली आणि २०१० मधे त्याने ती परत काढली, तेव्हा जगभर बोंबाबोंब. म्हातारपणी चरणजितजींनी युरोपात स्टेजवर हे वाजवलं. २०१५ मधे गेले.

काय ऐकायचं: भैरव. सुरुवातीला ठेका नाही, सिंथवर आलापी आहे. मग ८०८ सुरू होतो आणि खाली ३०३ ची तीच तीच माळ फिरत राहते. कोमल रिषभ येतो तेव्हा त्या माळेवर तो कसा टेकतो ते बघा.

षड्ज_पंचम

पाटील, गावाबाहेर काढत नाही. ऐकला. तुमचा उत्साह आवडला पण दहाही रागांना एकच चाल, एकच वेग, ललत काय आणि यमन काय. ललतची वेळ, त्याचं ते दोन मध्यमांचं नाजूक प्रकरण, ते या घणाघातात कुठे उरतं? आणि एक मुद्दा सगळ्यांनी विचारात घ्यावा, याचं कौतुक आपल्याला कधी सुचलं तर परदेशी माणसाने शिक्का मारल्यावर. शिकागोच्या आधी होता म्हणून मोठा, हे कौतुक झालं तारखेचं. संगीत म्हणून मोठा का, ते सांगा.

सर्किट_पाटील

हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर: तारीख पुसून टाका, तरी मला तो ऐकावासा वाटतो कारण त्यात एकाच माणसाचा हट्ट ऐकू येतो. सबंध आयुष्य दुसऱ्याच्या नोटेशनवर वाजवलेला माणूस, आणि इथे त्याला कोणी सांगणारं नाही की इथे थांब, इथे हिरॉईन वळते. एकच वेग आहे कारण ते नाचायचं संगीत आहे, नाचताना वेग बदलला तर पाय अडखळतात. त्या एका वेगात राग बदलला की मूड किती बदलतो, ते मला यात दिसतं. मधुवंती आणि बैरागी लागोपाठ लावा, ठेका तोच असूनही खोलीतली हवा बदलते. ललत मात्र जमलेला नाही, तिथे तुमच्याशी सहमत.

तबकडी_नाना

वा! असंच पाहिजे. परदेशी शिक्क्याबद्दल षड्जपंचमरावांशी मी सहमत आहे आणि त्यातली खंत अशी की एचएमव्हीचं एवढं भांडार कलकत्त्याला दमदमच्या कारखान्यातून बाहेर पडलं, आणि त्यातलं काय ठेवायचं हे ठरवायला आपल्याकडे खप सोडून दुसरं मापच नव्हतं.

आभा_मिरज

आता माझा. मला माहितीय लगेच "हा तर सगळ्यांना माहितीये" असं कोणीतरी म्हणणार. पण सांगा, शेवटचा पूर्ण कधी ऐकलात? दिल पडोसी है. आशाताई, पंचम (आर. डी. बर्मन), गुलज़ार. ८ सप्टेंबर १९८७, आशाताईंच्या वाढदिवसाला आला. दोन एलपींचा संच, चौदा गाणी.

हा का दबला याचं मला कळलेलं कारण म्हणजे त्याच साली इजाज़त आला. तेच तिघं. मेरा कुछ सामानला गुलज़ार आणि आशाताई दोघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि सगळा उजेड तिकडे गेला. सिनेमात रेखा दिसते, नसीर दिसतो, गाणं डोळ्यांसमोर राहतं. दिल पडोसी है ला चेहराच नव्हता. वर पंचमचा तो पडता काळ, निर्माते फिरकत नव्हते, नवीन काही केलं तरी "आता संपला" असं म्हणूनच लोक ऐकायचे.

आणि त्यात आहे काय काय! भीनी भीनी भोर सकाळच्या सुरातलं, जवळजवळ बंदिशीसारखं. रात क्रिसमस की थी पूर्ण पाश्चात्य घाटाचं. कोई दिया जले कहीं मधे आशाताई आवाज इतका कमी लावतात की माईकच्या अगदी जवळ येऊन स्वतःशीच बोलताहेत असं वाटतं, ज्या बाईला आपण पिया तू च्या आवाजाने ओळखतो तीच ही, चोपन्न वर्षांची. शाम से आँख में नमी सी है तर बहुतेकांना जगजीतजींच्या मरासिममुळे (१९९९) माहीत आहे, तीच गझल इथे बारा वर्षं आधी आहे आणि पूर्ण वेगळी आहे. जगजीतजींची शांत, समजूतदार. इथली अस्वस्थ. दोन्ही लागोपाठ ऐका आणि मला सांगा.

पण माझं लाडकं सातों बार बोले बंसी. बासरी सात वेळा बोलते पण एकदा बोलायला हवं ते बोलत नाही, अशी तक्रार. चाल वर वर साधी वाटते, गुणगुणायला बसा म्हणजे कळतं की पंचमने ओळ कुठे तोडलीय. श्वास घ्यायला जागा शोधावी लागते, आणि आशाताईंनी ती जागा सूर न सोडता शोधलीय. मी गाणं शिकवते, मोठ्या विद्यार्थिनींना हे देते, पहिल्या आठवड्यात सगळ्या जणी पहिल्याच ओळीत धापा टाकतात.

जाता जाता, पंचमच्या ताफ्यात आपले उल्हास बापट होते संतूरला. संतूरवर बारा स्वर लावून घ्यायची त्यांची पद्धत होती, त्यामुळे गाण्यात कुठलाही स्वर मधेच आला तरी ते अडत नसत. यांच्यावर पण कोणीतरी वेगळा धागा काढा ना.

निवांत_मी

शाम से आँख दोन्ही ऐकल्या. आभाताई तुम्ही बरोबर आहात, आशाताईंची ऐकून झोप उडाली. जगजीतची ऐकून निदान झोपता येतं.

खाडीपलीकडे (कॅलिफोर्निया)

आशाताईंचं निघालंच आहे तर लेगसी. उस्ताद अली अकबर खाँ आणि आशा भोसले, १९९६. खाँसाहेबांचं कॉलेज इथे सॅन राफेलला, सॅन फ्रान्सिस्कोचा पूल ओलांडून गेलं की थोडं पुढे. वडिलांकडून, बाबा अल्लाउद्दीन खाँकडून मिळालेल्या जुन्या बंदिशी होत्या त्यांच्याकडे, त्या त्यांनी आशाताईंना शिकवल्या आणि मग रेकॉर्ड केल्या. ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं. भारतात मात्र मी ज्याला ज्याला विचारतो तो म्हणतो अच्छा असा पण अल्बम आहे का.

षड्ज_पंचम, हा तुमच्यासाठी. इथे आशाताई फिल्मी लडिवाळपणा बाजूला ठेवून गातात, हरकत घेतात ती पण बेताची, आणि मागे सरोद आहे तो गाण्याला उत्तर द्यायच्या घाईत नाही. तोपर्यंत हजारो गाणी झालेली बाई साठी ओलांडल्यावर परत कोणापुढे तरी विद्यार्थी म्हणून बसली, आणि आवाजात ते कळतं. एकेका बंदिशीत शब्द किती कमी आहेत बघा, चार ओळी, त्यातच सगळं.

पेटी_मास्तर_पुणे

सगळे मोठमोठे अल्बम सांगतायत, मी एक असा प्रकार सांगतो ज्याला कोणी अल्बम पण मानत नाही. इन्स्ट्रुमेंटल फिल्मी धुना. आमच्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स, अ‍ॅकॉर्डियन. व्हॅन शिपली, इलेक्ट्रिक गिटार. सुनील गांगुली, तेही गिटारच. लग्नाचे हॉल, हॉटेलं, गणपतीचे मांडव, सगळीकडे या एलपी वाजायच्या त्यामुळे लोकांनी त्याला पार्श्वभूमीचा आवाज करून टाकलं.

पण मी पेटीवाला म्हणून सांगतो, अ‍ॅकॉर्डियनवर मींड नाही, पेटीसारखंच, स्वर ठाम. तरी डॅनियल्स गाण्यातला गळ्याचा वळसा भात्यावरून काढतात. भाता कुठे ओढायचा आणि कुठे दाबायचा त्यावर स्वराचा जोर कमीजास्त होतो, त्यातून तो शब्द म्हटल्याचा भास होतो. गाणं माहीत असेल तर तुम्हाला शब्द ऐकू येतील. कुठलीही धून घ्या आणि फक्त ओळीच्या शेवटाकडे लक्ष द्या, स्वर कसा सोडलाय. मी वर्षानुवर्षं तेच जमवतोय.

सर्किट_पाटील

मास्तर जबरदस्त. भात्याचं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मांडवीकर

+१. आणि नाना, एक अडचण सगळ्यांसाठी मांडतो. आता हे सगळं मोबाईलवर मिळतं पण तिथे अल्बमचे तुकडे होतात. दिल पडोसी है मधलं एक गाणं कुठल्यातरी "पावसाळी हिट्स"मधे, दुसरं "आशा स्पेशल"मधे, वादकाचं नाव तर नाहीच. कव्हरच्या मागे जे थोडंफार छापलेलं असायचं ते पण गेलं.

तबकडी_नाना

त्यासाठी माझा साधा उपाय. जुनी एलपी विकत घेताना कव्हरची मागची बाजू आधी वाचा, तबकडीवर ओरखडा असला तरी कव्हर धड असेल तर घ्या. उजेडात तिरकी धरून बघा, केसासारख्या बारीक रेघा चालतात, नखाला लागेल असा चरा असेल तर सुई उडणार. नवीन पुनर्मुद्रण मिळत असेल तर त्यातही वांधा नाही, बऱ्याचदा त्यात वादकांची माहिती जास्त असते. चरणजितजींचं २०१० चं तसंच आलं. आणि मोबाईलवर ऐकायचं तर मूळ क्रम शोधून स्वतःच यादी लावा. राग जॅझ स्टाईल तोडीने सुरू होतो आणि भैरवीने संपतो, ते उगाच नाहीये, मैफल जशी संपवतात तसंच संपवलंय. शफल केलंत की ते गेलं.

षड्ज_पंचम

लेगसी काल रात्री पूर्ण ऐकला. खाडीपलीकडे, तुमचे मनापासून आभार. याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही, उत्तम आहे, आणि हा मला आजवर कोणी सांगितला नाही याचं नवल वाटतंय. कलावती पण परत ऐकला नाना. ट्रम्पेट आल्यावर राग सुटतो असं मला आधी वाटायचं, तसं नाहीये, परेरा पंचमावरून धैवताला जाताना स्वर थोडा दाबतात आणि राग जागेवर राहतो. मियाँ मल्हारबद्दल मत तेच.

माझाही एक लिहितो, वादकांचा नाही पण न बसणाऱ्या खान्याचाच. कुमार गंधर्वांचं मला उमजलेले बालगंधर्व. नाट्यसंगीतवाल्यांनी म्हटलं हे बालगंधर्वांसारखं नाही, ख्यालवाल्यांनी म्हटलं ही नाटकाची पदं. नाथ हा माझा ऐका. बालगंधर्वांची लडिवाळ तान जिथे येते तिथे कुमारजी थांबतात, एक सूर धरतात, मग तान अर्धीच घेतात. नक्कल एका जागी नाही आणि तरी प्रत्येक जागा ओळखता येते.

आभा_मिरज

दादा हा तर आमच्या घरचा विषय, बालगंधर्व आमच्याच जिल्ह्यातले, नागठाण्याचे. अर्धी तान तुम्ही बरोब्बर पकडलीत. स्वकुलतारक सुता पण ऐका, तिथे उलटं केलंय, जिथे मूळात साधं आहे तिथे कुमारजी भरतात. यावर मी सविस्तर लिहिते उद्या, आत्ता क्लासची वेळ झाली.

मांडवीकर

लिहा ताई, वाट बघतो. आणि कोणाकडे ख्रिस पेरींच्या जुन्या ईपींची कव्हरं असतील तर मागच्या बाजूचा फोटो टाका प्लीज. बँडमधे कोण कोण होतं त्याची यादी करायला घेतलीय, ट्रम्पेट आणि ड्रम्सची नावं अजून बऱ्याच ठिकाणी रिकामी आहेत.